दुरंगी ट्यूलिपची लागवड

कंदापासून येणाऱ्या फुलझाडांत ट्यूलिपचा मान मोठा आहे. त्यातही एकाच पाकळीवर दोन रंग धारण करणारे, म्हणजे दुरंगी वाण, ताटव्यांसाठी व फुलदाणीसाठी विशेष पसंत केले जातात. या झाडाचे मूळ स्थान मध्य आशियातील डोंगराळ प्रदेश होय. तेथे हिवाळा कडक व उन्हाळा कोरडा असतो. ट्यूलिपच्या जीवनक्रमावर या हवामानाचा ठसा कायम आहे. भारतात हे हवामान काश्मीरच्या खोऱ्यात लाभते. श्रीनगर येथे झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली स्थापन झालेल्या ट्यूलिप उद्यानात मार्चअखेर ते एप्रिल या काळात बहर असतो.

दुरंगीपणाची दोन कारणे

दुरंगी फूल दोन कारणांनी निर्माण होते आणि हा भेद लागवड करणाऱ्याने प्रथम समजून घ्यावा. पहिले कारण वाणाचा आनुवंशिक गुण. तांबड्या पाकळीस पिवळी कड असलेला 'कैझर्सक्रोन' हा वाण १७५० सालापासून लागवडीत आहे. 'लेन व्हॅन डर मार्क' या वाणाची तांबडी पाकळी पांढऱ्या कडेची असते. अशा वाणाची सर्व फुले सारखी दिसतात व कंदागणिक हा रंग पुढील पिढीत उतरतो.

दुसरे कारण विषाणुरोग. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये पांढऱ्या पाकळीवर तांबड्या ज्वाळा असलेल्या ट्यूलिपच्या एकेका कंदास अवाच्या सवा किंमत येत असे. फेब्रुवारी १६३७ मध्ये हा बाजार कोसळला. ज्या रंगासाठी लोकांनी एवढा पैसा ओतला, तो रंग हे झाडाच्या आजाराचे लक्षण होते. १९२८ साली इंग्लंडमध्ये डोरोथी केली या संशोधिकेने रोगट कंदाचा अर्धा भाग निरोगी कंदाच्या अर्ध्या भागास जोडून, हा पट्टेदारपणा एका कंदातून दुसऱ्यात जातो हे दाखवून दिले. पपईवरील विषाणुरोगाप्रमाणेच हा रोगही माव्यामार्फत पसरतो. विषाणूमुळे पाकळीतील तांबडा-जांभळा रंग काही ठिकाणी नीट भरत नाही व तळचा पांढरा वा पिवळा रंग उघडा पडतो. असे झाड दरवर्षी खुजे होत जाते, कंद लहान होतात व अखेर वंश संपतो.

शेतातील परीक्षा सोपी आहे. एकाच वाणाच्या ओळीत सर्व फुले एकसारखी दुरंगी असतील, तर तो वाणाचा गुण समजावा. मधल्या एखाद्याच झाडाचे फूल वेडेवाकडे पट्टेदार असेल व पानांवर फिकट ठिपके वा रेघा असतील, तर तो रोग समजावा. असे झाड कितीही मोहक दिसले तरी कंदासह उपटून नष्ट करावे. ट्यूलिपच्या शेतात फिरून अशी झाडे काढून टाकण्याचा हॉलंडच्या शेतकऱ्यांचा परिपाठ आहे.

जमीन व लागवड

जमीन भुसभुशीत व पाण्याचा उत्तम निचरा होणारी असावी. पाणी साचल्यास कंद कुजतात. ताजे शेणखत कंदास लागू देऊ नये. पूर्ण कुजलेले खत लागवडीपूर्वी जमिनीत मिसळावे. कंद भरीव, डागरहित व १० ते १२ सेंटिमीटर वा त्याहून अधिक घेराचे निवडावेत. लहान कंदास बहुधा एकच पान येते व फूल येत नाही.

काश्मीरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागवड करतात. कंद सुमारे १५ सेंटिमीटर खोल, टोक वर ठेवून व १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर लावावेत. ताटव्यात एकेक कंद विखरून न लावता एका वाणाचे कंद गटाने लावावेत. त्यामुळे रंगाचा उठाव होतो व रोगट झाडही चटकन नजरेस पडते. कंद हाताळताना काहींच्या बोटांची त्वचा खाजते व फुटते, म्हणून हातमोजे वापरावेत. ट्यूलिपचा कंद कांद्यासारखा दिसतो, परंतु तो विषारी आहे. स्वयंपाकघरापासून तो दूर ठेवावा.

फुले की कंद?

विक्रीची फुले कळी मिटलेली असतानाच, परंतु तिच्यावर रंग दिसू लागल्यावर सकाळी काढावीत. दांडे उभे राहतील अशा रीतीने फुले थंड जागी ठेवावीत. तोडणीनंतरही ट्यूलिपचा दांडा वाढत राहतो, ही गोष्ट जुड्या बांधताना ध्यानात असू द्यावी.

लांब दांड्यासाठी झाडाची पानेही फुलाबरोबर कापली जातात. अशा वेळी कंदास अन्न पुरविणारे काहीच उरत नाही. जुना कंद दरवर्षी संपतो व त्याच्या जागी पिलकंद तयार होतात. ते पोसण्याचे काम पानेच करतात. म्हणून एकाच झाडापासून उत्तम फूल व उत्तम कंद या दोहोंची अपेक्षा ठेवू नये. कंदासाठी राखलेल्या झाडांचे फूल खुडून पाने पिवळी पडेपर्यंत तशीच ठेवावीत व नंतर कंद काढून, सुकवून हवेशीर जागी साठवावेत.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी काय ध्यानात घ्यावे?

कंदात फुलाचा अंकुर उन्हाळ्यात तयार होतो. परंतु दांडा लांबण्यासाठी कंदास सुमारे १२ ते १६ आठवडे ५ ते ९ अंश सेल्सिअसची थंडी मिळावी लागते. आपल्या राज्यात जमिनीत अशी सलग थंडी मिळत नाही. शीतगृहात थंडी दिलेला कंद लावल्यास फूल येऊ शकते; मात्र दिवस तापताच दांडा आखूड राहतो, फूल लवकर उमलून झडते आणि पिलकंद पोसले जात नाहीत. म्हणजे कंदाचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो. परदेशातून येणारे कंद आयात परवाना व रोगमुक्ततेचा दाखला यांवाचून आणता येत नाहीत.

कुंडीत हौसेने चार कंद लावणे वेगळे आणि कर्ज काढून गुंठाभर लागवड करणे वेगळे. "एकदा लावा, वर्षानुवर्षे फुले घ्या" असे सांगून कंद विकावयास कोणी आल्यास ग्रामकार्यकर्त्यांनी हा हिशेब शेतकऱ्यांपुढे अवश्य मांडावा. फुलशेतीची इच्छा असणाऱ्यांस आपल्या हवामानात रुळलेली ग्लॅडिओलस व निशिगंध ही कंदपिके उपलब्ध आहेत. त्यांचे बेणे आपल्याच शेतात वाढविता येते. ग्लॅडिओलसमध्ये दुरंगी वाणही मिळतात. बेणे निरोगी असावे व रोगट झाड वेळीच उपटावे, हा ट्यूलिपने शिकविलेला धडा त्यांनाही तितकाच लागू आहे.