आधी काम, मग धडा

चि. सोनूस,


फाटकापासून व्हरांड्यापर्यंतची वाट नववीच्या मुलांच्या हातून विटांची करायची, हा तुझा बेत वाचून फार आनंद झाला. सोबतचा आराखडाही पाहिला. गणिताला दोन तास, विज्ञानाला एक, मराठीला ‘विटेचे आत्मवृत्त’, अशी वाटणी तू केली आहेस. ही वाटणी मोडून टाक. विषय कामाला बाहेरून चिकटवले की मुलांना ते लगेच कळतं, आणि मग ती कामही मनापासून करत नाहीत. काम कुठेतरी अडायला हवं, आणि ते सोडवण्यासाठी गणिताची गरज लागायला हवी. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींचा आग्रह हाच होता की, हस्तोद्योग शिक्षणाच्या शेजारी बसवू नका, त्याच्यातूनच शिक्षण द्या. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम उभा केला, तोही याच विश्वासावर.

तुमची जमीन काळी. पावसात ती फुगते, उन्हात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट विटा मांडल्या तर पहिल्याच पावसाळ्यात वर-खाली होतील. हे तू आधी सांगू नकोस. डबाभर काळी माती आणि डबाभर मुरूम भिजवून वाळवायला ठेव, मुलांना बघू दे. काळी माती काढून मुरूम का भरायचा, तो पाणी मारून धुमसाने का ठोकायचा, हे मग ती स्वतःच म्हणतील.

वाट चाळीस फूट लांब, पाच फूट रुंद, म्हणजे २०० चौरस फूट. मुरमावर दीड इंच वाळू पसरायची तर २५ घनफूट लागेल. वाळूवाला ब्रासमध्ये बोलेल आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा पाव ब्रास. त्याला फोन मुलांनीच करावा. विटांचा हिशेबही असाच करू दे. ९ बाय ४ इंचाची वीट आडवी मांडली की चौरस फुटात चार बसतात, म्हणून मुलं ८०० म्हणतील. मग प्रत्यक्ष मांडताना सांध्यातल्या वाळूने जागा खाल्लेली दिसेल, काही विटा उतरवतानाच फुटलेल्या असतील, दोन विटा एका मापाच्या नसतील. दहा विटा मोजून सरासरी काढायची गरज त्यांना तिथे वाटेल. तोवर सरासरीचा धडा हातात घेऊ नकोस.

काटकोनासाठी गवंड्याचा गुण्या चालेल, पण चाळीस फुटांवर त्याची बारीकशी चूकही मोठी होत जाते. त्यापेक्षा दोरी घेऊन ६, ८ आणि १० फुटांचा त्रिकोण आखायला लाव. वेदी आखणाऱ्यांनी दोरीनेच हे केलं आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात तो नियम सापडतो, हे सांगायची वेळ दोरी ताणलेली असताना आहे, वर्गात नव्हे. उतार रुंदीत एक इंच दे, म्हणजे साठास एक. तो पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीने तपासायचा. एका टोकाला एक मुलगी, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीला का येतं, हा प्रश्न त्यांच्यातच निघेल.

आता रचना. ही मला सर्वांत प्रिय गोष्ट, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबी रुंदीच्या दुप्पट असेल तरच उभ्या-आडव्या विटा नीट जुळतात. ९ बाय ४ च्या विटेत इंचभराची तफावत राहते. मानकातली १९ बाय ९ सेंटिमीटरची वीट सांध्यासकट बरोबर २० बाय १० होते. हडप्पाकालीन विटांचं उंची, रुंदी, लांबीचं प्रमाणही १:२:४ होतं. आता मुलांना कागदावर एका विटेच्या लांबीइतकी रुंद पट्टी काढायला सांग. तीत एकतर एक वीट पट्टीला आडवी ठेवायची, नाहीतर दोन विटा एकमेकींशेजारी पट्टीच्या दिशेने. एका विटेची पट्टी एकाच प्रकारे भरते, दोन विटांची दोन, तीनची तीन, चारची पाच, पाचची आठ प्रकारांनी. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज. आणि हीच बेरीज तुझ्या मराठीच्या तासालाही आहे, कारण लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. पाच मात्रांची ओळ किती प्रकारांनी होते? आठ. हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदांसाठी हेच मोजलं, युरोपात फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ साली आला त्याच्या आधी. वृत्तं पाठ करताना कंटाळणारा मुलगा इथे बोटांवर मात्रा मोजू लागेल. प्रत्यक्ष वाटेला मात्र सांधे सरळ रेषेत येऊ देऊ नकोस. माशाच्या काट्यासारखी तिरकी गुंफण कर, तीत विटा एकमेकींना धरून राहतात. कडेला उभ्या विटा पक्क्या रोवल्या नाहीत तर सगळं पसरेल.

विटा कुठून येतात हेही मुलांनी पाहावं. भट्टीवरची माणसं बहुतेक हंगामी, उचल घेऊन आलेली, मजुरी हजार विटांमागे. ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा, म्हणजे भट्टीवरच्याच शाळा, चालवाव्या लागल्या, कारण आईबापांबरोबर त्यांचीही शाळा सुटत होती. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. नागरिकशास्त्राचं पुस्तक इथे उघड. पण तुझ्या वर्गात भट्टीवरचं मूल असेल तर त्याला सर्वांसमोर काही विचारू नकोस. त्याच्या वडिलांना, आईला शिक्षक म्हणून बोलाव. वीट वाजवून पक्की की कच्ची हे तेच सांगतील, आणि त्या दिवशी खुर्ची त्यांची असू दे.

रांग वाकडी गेली तर तू हात लावू नकोस. दोरीवरून दिसेल, मुलं उचलून पुन्हा मांडतील. वीट तोडायचं काम मात्र गवंड्याकडेच ठेव, धूळ छातीला वाईट. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात, म्हणून विटा मेअखेर आणून ठेव, आणि पहिल्या पावसानंतर कोणत्या विटा खचल्या त्याची नोंद मुलांकडून करून घे. त्या नोंदीवरून दुरुस्तीचं काम पुढच्या वर्षीच्या नववीला देता येईल. ती वही मलाही दाखव.

तुझा मामा