जुने इंजिन, नवे पेट्रोल आणि धुरातील प्राणवायू

बेगम बाजारातील ज्या व्यापारी बंधूंनी वडिलांच्या वेळची फियाट किंवा ॲम्बॅसडर अद्यापि जपून ठेविली आहे, त्यांस प्रस्तुत विषय परका वाटू नये. या गाड्यांत हवा व पेट्रोल यांचा मेळ कार्ब्युरेटर घालतो. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलास ९ किलोच पुरते. २०२५ सालापर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण शेकडा २० पर्यंत गेले. अशा इंधनास साडेतेरा किलो हवा पुरे होते. परंतु कार्ब्युरेटरचे जेट पूर्वीच्याच मापाचे! परिणामी मिश्रण पातळ, मिस्त्रींच्या भाषेत ‘लीन’, होते. गल्लीतील मंद चालीत हे फारसे जाणवत नाही. भरल्या गाडीने महामार्गावर चढ चढताना मात्र पिस्टन आणि व्हॉल्व्ह तापू लागतात.

प्लगचा रंग पाहून निदान करण्याची रीत जुनी आहे व ती टाकाऊ नव्हे. तथापि तो रंग म्हणजे अनेक मैलांची एकत्रित बेरीज होय. त्या क्षणीचा हिशेब त्यात मिळत नाही. तो हिशेब धुरातील उरलेला प्राणवायू देतो. तो मोजणारा झिर्कोनियाचा सेन्सर बॉश कंपनीने तयार केला आणि १९७६ साली व्होल्व्हो मोटारीत तो प्रथम आला. सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्यावर तो काम करू लागतो. मिश्रण दाट असता ०.९ व्होल्टच्या आसपास, पातळ असता ०.१ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. मधली पायरी इतकी उभी असते की, ‘दाट की पातळ’ एवढेच कळते. ‘किती’ हे कळत नाही. जेट बदलावयाचे असेल तर ‘वाइडबँड’ जातीचा सेन्सरच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याच्या काट्यावर ‘लॅम्डा’ हा आकडा वाचावा. लॅम्डा १ म्हणजे हवा नेमकी पुरेशी. मग इंधन कोणतेही असो. काही काटे १४.७ हा आकडा दाखवितात. तो मूळ लॅम्डास १४.७ ने गुणून आलेला असतो, म्हणून मिश्र पेट्रोलवर तो खरा धरू नये. सपाट रस्त्यावर १ च्या जवळ आणि पूर्ण भारावर ०.८५ ते ०.९ असावा. मंद चालीसाठी मिश्रणाचा स्क्रू, भारासाठी मुख्य जेट. एका वेळी एकच बदल करावा.

सेन्सर नळीच्या वरच्या अंगास, पाणी साचणार नाही असा तिरका बसवावा. त्याच्या आधी नळीस फट असेल तर बाहेरची हवा आत शिरून काटा पातळ दाखवितो. प्लग चुकत असेल तरीही तसेच होते: पेट्रोल न जळता जाते, त्याबरोबर प्राणवायूही जातो, आणि भोळा मिस्त्री आधीच दाट असलेले मिश्रण आणखी दाट करतो. म्हणून प्रथम प्लग, पॉइंट व नळीचे सांधे तपासावेत. जेटास हात नंतर लावावा.

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरवर मात्र हा प्रयोग करू नये. तिच्या धुरात ताजी हवा मिसळलेली असते व तेलाने सेन्सर लवकर निकामी होतो. तिथे प्लगचा रंगच बरा.