उसातला बिबट्या : फड तोडण्यापूर्वी समजून घ्यावयाच्या गोष्टी



"वाघरू जंगल सोडून शिवारात आलंच कसं?" असा प्रश्न गावोगाव विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या पिकातच आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणे झाली, पाटाचे पाणी आले आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात ऊस वाढला. सुरू ऊस १२ महिने, तर आडसाली १६ ते १८ महिने उभा राहतो. बिबट्याला लपायला आडोसा, प्यायला पाणी आणि खायला कुत्री-डुकरे एकाच ठिकाणी मिळाली. मादी सुमारे तीन महिन्यांत विते आणि बहुधा दोन-तीन पिल्ले घालते. उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच घर वाटते. असे जनावर वाट चुकून आलेले नसते, ते इथलेच असते.

मग पकडून लांब सोडले तर? हा उपाय करून पाहिलेला आहे. जुन्नर वनविभागात फेब्रुवारी २००१ पासून शंभरावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. माणसांवरील हल्ले पूर्वी वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते आणि परत फिरू पाहते. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या चालत मुंबईपर्यंत पोचला होता, हे गळ्यातील पट्ट्यावरून कळले. शिवाय एक हलवला की रिकाम्या जागी दुसरा येतो.

अकोले तालुक्यातील अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तिथे शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के. कारण उघड आहे. शेळ्या रात्री बंद असतात, कुत्री मोकळी असतात. म्हणजे जे बंदिस्त ते बरेचसे वाचते.

यावरून आपण काय करावे?

१) गोठ्याला चारी बाजूंनी व वरूनही जाळी हवी. नुसती कुडाची भिंत उपयोगी नाही. मेलेली कोंबडी, जनावर उघड्यावर टाकू नये, त्यावर कुत्री जमतात आणि मागोमाग बिबट्या येतो.

२) रात्रीची लाइट असेल तेव्हा पाणी धरायला एकट्याने जाऊ नये. बॅटरी व काठी घ्यावी, बोलत राहावे. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो.

३) फड एका बाजूने तोडत जावा, दुसरी बाजू मोकळी ठेवावी. चारी बाजूंनी तोडत मध्ये पट्टा राखला, तर जनावर कोंडले जाते आणि अंगावर येते.

४) पिल्ले सापडली तर हात लावू नये, फोटोसाठी उचलू नयेत. काम थांबवून वन खात्याला १९२६ क्रमांकावर कळवावे. संध्याकाळी पिल्ले त्याच जागी ठेवली की मादी बहुधा येऊन घेऊन जाते. पिल्ले हलवली, तर ती शोधत फिरते आणि धोका वाढतो.

५) जनावर मारले गेल्यास पंचनाम्यापूर्वी हलवू नये, नाहीतर भरपाईला अडचण येते.

सर्वांत महत्त्वाचे राहिले. तोडणी टोळी पहाटे अंधारात फडात येते. बाया लेकरांना बांधावर पाचटावर निजवून कोयता हाती घेतात. ही लेकरे आपल्या गावची नसतील, पण आपल्या उसासाठीच ती तिथे असतात. फडात बिबट्या वावरतो हे मालकाला ठाऊक असते, परमुलखातून आलेल्या मजुराला नसते. म्हणून तोडणीची पाळी आली की मुकादमाला आधी सांगावे, उजाडल्याशिवाय कोयता लावू देऊ नये, कोप्यांजवळ रात्री उजेडाची सोय करावी आणि लेकरांपाशी एक मोठे माणूस बसवावे. दोन तास उशिराने ऊस तुटला तर वजनात फारसा फरक पडत नाही. गेलेले लेकरू मात्र परत येत नाही.