नशा सोडवणारं औषध कोणावर तपासतात?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं मिक्स आहे, सांभाळून घ्या.

आपल्याकडे गावागावांतल्या भिंतींवर एक जाहिरात हमखास दिसते : 'पिणाऱ्याला न कळू देता दारू सोडवा'. अकोला-अमरावती रस्त्याने एसटीने जाताना मी ती कितीदा तरी वाचली असेल. (रस्ता गिनीज बुकातला आहे बरं का! जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं. सिव्हिलवाल्यांनी कॉलर टाइट करावी.) पण ही पावडर तपासली कोणी? आणि कोणावर?

दारूवर डॉक्टर देतात ते एक जुनं औषध म्हणजे डायसल्फिराम. हे मुळात केमिकलवाल्यांचं. रबराच्या व्हल्कनायझेशनला हे रसायन वापरतात. १९३७ साली अमेरिकेतल्या एका रबर कंपनीचे डॉक्टर ई. ई. विल्यम्स यांनी लिहून ठेवलं, की असली रसायनं हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. पुढे १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन यांनी त्याचं औषध केलं. गोळी घेऊन दारू प्यायली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, बीपी खाली. हृदय कमजोर असलं तर जिवावर बेततं. म्हणून पेशंटला सांगितल्याशिवाय ही गोळी द्यायचीच नाही, असा नियम आहे. आणि भिंतीवर काय लिहिलंय? 'न कळू देता'!

आता दारू बाजूला ठेवू. कोकेन, मेथ आणि आपल्याकडे ज्याला 'एमडी' म्हणतात ते मेफेड्रोन, ही उत्तेजकं. एमडी २०१५ साली एनडीपीएस कायद्याखाली आलं. ही नशा नाडी आणि बीपी दोन्ही वर चढवते. ती सोडवायचं औषध शोधताना खरा पेच असा, की माणूस गोळी सुरू केल्या दिवसापासून नशा सोडत नाही. मध्येच घसरतो. त्या दिवशी अंगात दोन्ही असतात. गोळी एकटी सेफ असून काय उपयोग? स्ट्रक्चरवाल्यांना हे लगेच कळेल. डेड लोड वेगळा, विंड लोड वेगळा तपासून आपण थांबतो का? कॉम्बिनेशन घ्यावंच लागतं.

म्हणून सुरुवातीच्या चाचणीत व्हॉलंटियरला हॉस्पिटलमध्ये ठेवून मोजून कोकेन देतात. आधी नुसतं, मग औषधासोबत. ईसीजी चालू, बीपी सारखं मोजणं चालू. आकडा कुठे गेला की थांबायचं, ते आधीच कागदावर ठरलेलं असतं.

हे रूमवर सांगितलं तर एक जण म्हणाला, "म्हणजे दवाखानावालेच कोकेन देतात का बे?" हो, देतात. पण कोणाला? जो आधीपासून घेतो, सज्ञान आहे आणि सगळं समजून सही करतो, त्यालाच. नशा सोडायची म्हणून जो दारात आला, त्याला या चाचणीत घेत नाहीत. मला आधी हे विचित्र वाटलं होतं. पण ही तपासणी दवाखान्यात झाली नाही, तर ती पेशंटच्या घरी होणार. तीही ईसीजीशिवाय.

यातून कळलेलं एक उदाहरण बघा. तेच डायसल्फिराम कोकेनच्या व्यसनावर चालेल अशी आशा होती. चाचणीत दिसलं, की ते घेतल्यावर रक्तातलं कोकेन उलट वाढतं. २०२१ साली मेथसाठी नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑन एकत्र देऊन ४०३ जणांवर अभ्यास छापला गेला. औषधवाल्यांपैकी १३.६ टक्क्यांना गुण आला, खोट्या औषधाने २.५ टक्क्यांना. फरक आहे, पण शंभरातल्या शहाऐंशींना गुण नाहीच. अमेरिकेच्या एफडीएने आजवर कोकेन किंवा मेथच्या व्यसनावर एकही औषध मंजूर केलेलं नाही. एमडीचीही तीच गत. तेव्हा कोणी 'एमडी सोडवायचा कोर्स' म्हणून पुड्या विकत असेल, तर तो खोटं बोलतोय.

मग करायचं काय? समुपदेशन आणि डॉक्टरची देखरेख, आज हेच हाती आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून हे काम करतंय. आपल्या जवळ अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय. १४४४६ हा सरकारी फोन नंबर फुकट आहे. आणि नवीन औषधाची चाचणी चालू आहे असं कोणी सांगितलं, तर तिचा सीटीआरआय नंबर मागा. १५ जून २००९पासून भारतात प्रत्येक चाचणीची नोंद तिथे आधी करावी लागते. ती यादी कोणालाही बघता येते, हॉस्टेलच्या रडक्या नेटवरसुद्धा.