वीज, देह आणि उपचाराचा दावा

पालक-मेळाव्यात आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "सर, नऊ व्होल्टचे हे यंत्र हातात धरले की मधुमेह बरा होतो म्हणतात, खरे का?" आम्ही इतिहासाचे शिक्षक, तरीही हा प्रश्न टाळणे उचित वाटले नाही. एका माजी विद्यार्थ्याच्या मातोश्रींनी अशाच यंत्राच्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि पायाची जखम चिघळून त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. म्हणून विज्ञान-शिक्षकांच्या साहाय्याने आम्ही हा विषय अभ्यासला.

या दाव्यांना जुना इतिहास आहे. १७९१ मध्ये गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि १८०० मध्ये व्होल्टा यांनी विद्युतघट जगापुढे मांडला. एकोणिसाव्या शतकात युरोपात पुल्व्हरमाखर यांच्या विद्युत-साखळ्या विकल्या जाऊ लागल्या. तांबे व जस्ताचे दुवे व्हिनेगरमध्ये भिजवून ती साखळी अंगावर बांधीत आणि नाना रोग बरे होतील अशी आशा धरीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हल्डा क्लार्क यांनी नऊ व्होल्टच्या 'झॅपर'ने शरीरातील परजीवी मरतात व रोग हटतात, असा प्रचार केला. त्यांचे निधन २००९ मध्ये कर्करोगाने झाले.

आता मूळ मुद्दा. व्होल्टेज, म्हणजे विभवांतर, हे टाकीतील पाण्याच्या उंचीसारखे आहे. करंट, म्हणजे विद्युतधारा, हे नळातून प्रत्यक्ष वाहणारे पाणी आहे. देहावर परिणाम घडवते ती धारा. तीही किती, कोठून व किती काळ वाहते यावर तो अवलंबून असतो. ओहमच्या नियमानुसार विभवांतराला रोधाने भागले की धारा मिळते. कोरड्या त्वचेचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. तेव्हा नऊ व्होल्टला जेमतेम ०.०९ मिलिअँपिअर धारा वाहते. हात ओले असतील आणि रोध दोन हजार ओहम धरला, तर ती ४.५ मिलिअँपिअर होते. त्याच ओल्या हाताला घरातील २३० व्होल्टचा स्पर्श झाला तर धारा ११५ मिलिअँपिअर! घरगुती विजेची सुमारे एक मिलिअँपिअर धारा जाणवते, दहाच्या आसपास स्नायू आवळून तार सुटत नाही, तर तीसच्या पुढे हृदयाला धोका संभवतो. म्हणूनच घरातील सुरक्षा-स्विच ३० मिलिअँपिअरला तुटतो. उलट, हिवाळ्यात स्वेटर काढताना उडणारी ठिणगी हजारो व्होल्टची असूनही निरुपद्रवी ठरते, कारण तिच्यातील विद्युतभार अत्यल्प असतो व ती क्षणार्धात संपते. तेव्हा केवळ व्होल्टचा आकडा सांगणारी जाहिरात अर्धेच सत्य सांगते.

वीज वैद्यकात निरुपयोगी आहे, असे मात्र नव्हे. पेसमेकर हृदयाचे ठोके सांभाळतो. डिफिब्रिलेटर काही सहस्रांश सेकंदांचा प्रबळ आघात देऊन बिघडलेली लय सुधारतो. 'टेन्स' यंत्राचे मोजके स्पंद काहींच्या वेदना तात्पुरत्या कमी करतात. या प्रत्येक ठिकाणी मात्रा, जागा आणि हेतू निश्चित असतो. हातातून हातात गेलेली क्षीण धारा देहभर विखुरते. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन निर्माण करण्यास लावीत नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी तर अशी यंत्रे वैद्यांना विचारल्याविना हाती धरू नयेत.

म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत : धारा किती मिलिअँपिअर व किती वेळ? खरे यंत्र आणि तसेच दिसणारे बंद यंत्र यांची तुलना रुग्णांवर केली आहे का? चालू औषधे सोडण्यास सांगता का? तिसऱ्याचे उत्तर 'होय' असेल, तर पहिल्या दोहोंची वाट पाहू नये.

मधुमेह व कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या कलम ५१-अ ने सांगितलेले आपले मूलभूत कर्तव्य आहे. त्या मातोश्री आज नियमित गोळ्या घेतात. जखम भरली आहे. आपल्या वस्तीत असे यंत्र आले, तर आमच्या माजी विद्यार्थ्यांनी कोणाची टर न उडवता, शांतपणे हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, एवढीच आमची अपेक्षा.