पेटीतले पॅन कार्ड

२०१६ च्या फेब्रुवारीत, द्राक्षांची खुडणी ऐन भरात असताना, नाशिक-कळवण रस्त्यावर दिंडोरीच्या अलीकडे एका मालट्रकने माझ्या मोटारसायकलला मागून ठोकले. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढच्या वर्षी नाशिकला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावला. पैसे मिळेपर्यंत २०२२ चा मार्च उजाडला. भरपाई आठ लाख आणि दावा दाखल केल्यापासून साडेसात टक्के व्याज. पाच वर्षांचे व्याज तीन लाख धरून अकरा लाखांचा हिशेब आम्ही घरी मांडून ठेवला होता: सोसायटीचे कर्ज, कृत्रिम पाय, मुलीच्या कॉलेजची फी. विमा कंपनीने भरले दहा लाख चाळीस हजार.

साठ हजार टीडीएसमध्ये गेले होते. वर्षात दिलेले व्याज पन्नास हजारांच्या वर गेले की विमा कंपनीने त्यावर कर कापायचा, असा तेव्हाचा नियम होता. पॅन दिले असेल तर दहा टक्के, नसेल तर वीस. माझे पॅन कार्ड घरी पेटीत पडून होते. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, रिटर्न कधी भरले नाही, म्हणून ते द्यावे हे सुचलेच नाही. वकिलांनी मागितले नाही आणि मीही विचारले नाही.

खरे तर शरीराच्या हानीची भरपाई हे उत्पन्न नव्हे, त्या मूळ रकमेवर कर नाही. प्रश्न व्याजाचा होता. दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचे व्याज हा भरपाईचाच भाग आहे, ते करपात्र उत्पन्न नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. लहानपणी अपघातात कायमचे अपंगत्व आलेल्या मुंबईच्या एका माणसाने तो लढा दिला होता. मला हे कळले २०२३ मध्ये. तोवर रिटर्न भरायची ३१ डिसेंबर २०२२ ही शेवटची मुदत टळली होती. शिवाय पॅन नसल्याने कापलेला कर माझ्या नावावर दिसतच नव्हता. आधी कंपनीकडून टीडीएसचे विवरण दुरुस्त करून घ्यावे लागले, मग आयकर आयुक्तांकडे विलंब माफीचा अर्ज केला. त्या फेऱ्यांत गेलेले दिवस कोणी भरून देणार नाही.

१ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात न्यायाधिकरणाने व्यक्तीला दिलेल्या व्याजावरचा आयकर आणि टीडीएस दोन्ही काढण्याची घोषणा झाली. मनापासून बरे वाटले. तरीही काळजी संपत नाही, म्हणून हे चार शब्द.

आधी टीडीएस कापला गेला असेल तर फॉर्म २६एएस काढून तो तुमच्या नावावर आहे का, हे तपासा. नसेल तर कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. परताव्यासाठी विलंब माफीचा अर्ज पाच वर्षांपर्यंतच करता येतो, त्यामुळे थांबू नका.

लोकअदालतीत तडजोड करताना एकगठ्ठा आकड्यावर सही करू नका. भरपाई किती आणि व्याज किती, हे तडजोडपत्रात वेगळे लिहून घ्या. निवाड्याची प्रत आणि कंपनीचा हिशेब जपून ठेवा.

सगळ्यात जास्त चूक होते ती मुदत ठेवीत. न्यायाधिकरण भरपाईचा काही भाग बँकेत ठेवायला लावते. ठेवीतले पैसे भरपाईचे असले तरी बँक देते ते व्याज दरवर्षीचे उत्पन्नच असते आणि बँक त्यावर टीडीएस कापू शकते. उत्पन्न करपात्र नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत स्वयंघोषणा भरून द्या, आपण ज्याला १५जी, १५एच म्हणत आलो तीच. पण पॅनशिवाय ती चालत नाही आणि कपातही वीस टक्क्यांनी होते.

म्हणून आता गावात कुणाचा अपघाताचा दावा उभा राहिला की मी त्याच्या घरी जातो आणि सगळ्यात आधी पेटी उघडायला सांगतो.