🐛 *रेशीम सल्ला : वसईत तुती लावण्याआधी हिशोब करा*



मराठवाड्यातल्या रेशीम शेतीचे व्हिडिओ ग्रुपवर फिरतायत. "अर्धा एकर तुती लावू का?" असं बरेच जण विचारतात. लावा, पण हिशोब बीड-जालन्याचा नको, आपल्या वाडीचा धरा.

अर्ध्या एकर बागायती तुतीवर एका वेळी साधारण 100 अंडीपुंज पोसतात. बॅच नीट गेली तर 60 किलोच्या आसपास कोष. किलोला 400 रुपये धरले (भाव रोज बदलतो) तर 24 हजार. यातून चॉकी, मजुरी, निर्जंतुकीकरण आणि गाडीभाडं वजा करा.

तिकडे वर्षाला पाच-सहा बॅच निघतात. अळीला 24 ते 28 अंश तापमान आणि 70 ते 85 टक्के आर्द्रता लागते. आपल्या पावसाळ्यात पाला ओला, शेड कोंदट. मस्कार्डिन आली की अळ्या खडूसारख्या पांढऱ्या, कडक होऊन मरतात. म्हणून नोव्हेंबर ते मार्च, तीनच बॅच धरा. लागवडीच्या पहिल्या वर्षी तेवढ्याही धरू नका.

⚠️ *सगळ्यात मोठा धोका फवारणीचा.* आपल्या वाड्या गुंठ्यांच्या, बांधाला बांध लागून. शेजाऱ्याने वांग्यावर किंवा मोगऱ्यावर मारलेलं औषध वाऱ्याने तुतीवर आलं की तो पाला खाऊन अख्खी बॅच जाते. पाचव्या अवस्थेत तर जास्तच नुकसान, कारण एकूण पाल्यापैकी 80 टक्क्यांहून जास्त पाला अळी तेव्हाच खाते. डासांची धूरफवारणी आणि मच्छर अगरबत्तीसुद्धा शेडजवळ नको. शेजाऱ्याशी आधी बोला. तो ऐकणारा नसेल तर तिथे तुती लावूच नका, हे स्पष्ट सांगतो.

*विक्री :* जालन्याची कोष बाजारपेठ 2018 पासून सुरू आहे, पण इथून सुमारे 400 किलोमीटर. कोष बांधल्यावर दहा-बारा दिवसांत पतंग बाहेर पडतो, आणि भोक पडलेल्या कोषाचा अखंड धागा निघत नाही. एकट्याच्या 60 किलोसाठी गाडी परवडणार नाही. चार-पाच जणांनी एकाच तारखेला चॉकी आणली तरच जमेल.

*अनुदान :* रोजगार हमीतून तुती लागवडीला मदत मिळते, पण ती ग्रामपंचायत हद्दीत. पारोळ, भाताणे, सकवार, मेढे भागातल्या सभासदांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. महापालिका हद्दीतल्यांनी हे पैसे हिशोबात धरू नयेत.

इच्छुकांनी गाव, गुंठे, मार्चपर्यंत पाणी पुरतं का आणि बांधाला कोणतं पीक आहे, एवढं या नंबरवर कळवा. 🙏